मशिनीले आवतन

१७ ऑगस्ट, रविवार

मी सांगते, दिपाली लिहिते. दिपाली आमच्या शेजारची, झेडपीच्या शाळेत मास्तरीण. तिचं म्हणणं, "आजी, तुम्ही सगळं पोटात ठेवता अन् मग झोप येत नाही म्हणता. थोडं थोडं सांगत जा, मी लिहीत जाईन." मला अक्षर येत नाही. शाळेचा ओटा शेणानं सारवायला जायची, तेवढीच माझी शाळा. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते. माझं बोलणं धुऊन, नीळ देऊन वाळत घालते. घालू दे. कुठं कुठं डाग राहतीलच.

पोटात काय आहे ते आधी सांगते. माझ्या लेकाची, देवेंद्रची, एकुलती पोरगी चारुता. नागपूरला दिली होती. जावई स्वप्निल, गाड्यांच्या दुकानात कामाला. पटलं नाही. चारुता तिच्या पोरीला घेऊन इथं वडनेरला आली, ती आलीच. पोरीचं नाव अंजू, दिवाळीत पाच वर्षांची होईल. आता स्वप्निलनं हिंगणघाटच्या कोर्टात अर्ज घातला आहे की पोरगी माझ्याकडं द्या, आईला कमाई नाही.

कमाई नाही म्हणतो, तर चारुतानं कमाई शोधली. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. तिकडं डॉक्टर लोक रोग्याबद्दल बोलतात, ही कानाला लावून ऐकते अन् मशीनवर लिहून काढते. म्हणजे डॉक्टर सांगतो, चारुता लिहिते. मी सांगते, दिपाली लिहिते. फरक इतकाच की चारुताला पगार आहे. दिपाली, तुला चहा आहे.

पण नोकरी अजून कच्ची. ऑगस्ट सरला की पक्की झाल्याचं पत्र येईल, ते वकिलाला द्यायचं. तोवर एक दिवस जरी मशीनसमोर दिसली नाही तर तिच्या जागी दुसरी बसेल. म्हणजे आमची अंजू कुठं राहील ते त्या मशीनच्या हातात आहे. मशीन म्हणजे एक पडदा, डब्याएवढी काळी पेटी, मुठीत मावणारा एक उंदीर अन् अक्षरांची पाटी. पाटीला वायर नाही, उंदरालाही नाही. अंजूचा पाय अडकून पडदा खाली येईल म्हणून देवेंद्रनं मुद्दाम बिनवायरीचं आणलं. मी विचारलं, "हे पेटीसोबत बोलते कसं?" चारुता म्हणे, "हवेतून." म्हटलं, हवेतून तर मी तुझ्या आजोबासंग बोलून राह्यली, तो काही लिहीत नाई.

अंजूचं वेगळंच. तिला तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल आणला आहे. "मोठी आजी, बैलाले वखर पाहिजे." माळ्यावर एक वाळवी लागलेलं खोकं होतं. खोकं मी न्हाणीच्या चुलीत घातलं अन् आतली काळी फळी पोरीला दिली. एका अंगानं दातच दात, अन् आयती लांब शेपटी. शेपटी बैलाच्या मानेला बांधली, फळी उपडी केली, झाला वखर. यशोदा, माझी सून, घरात चिखल चालवून घेत नाही, म्हणून वखर गोठ्यात असतो. गोठ्यात आता दुसरं कोणी राहत नाही.

यातलं यशोदेला काही सांगू नको, दिपाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार. खांदशेकणी

आज दिपाली हसेल, पण लिहील.

आमच्या घरी बैल राहिले नाहीत. तरी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, पळसाच्या पानावर तूप-हळद कालवते अन् गल्लीतल्या रूपरावच्या बैलांचे खांदे चोळायला जाते. यंदा गुडघा म्हणाला, बाई, मी येत नाही. हळद तर कालवून बसलेली. मग मनात आलं, आपल्या घरात जू कोणाच्या मानेवर आहे? देवेंद्रच्या? तो पेन्शन घेऊन पेपर वाचतो. यशोदेच्या म्हणावं तर ती मला खांदा चोळू देणार नाही, वरून विचारेल, "आत्याबाई, आज काय मागणं आहे?"

चारुता जेवायला उठली तेव्हा आत गेले. पेटीच्या दोन्ही खांद्यांना तूप-हळद लावली. पाटीच्या दोन्ही कोपऱ्यांना लावली. उंदरालाही बोट टेकवलं, गणपतीचा आहे म्हणून. अन् कानाशी म्हणतात तसं हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

त्यानं हिरवा दिवा मिचकावला. मी तर म्हणते हो म्हणाला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

थोडंच लिही, पाय दुखतात.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. चारुतानं आजची रजा घेतलेली, पण मशीनला रजा कोण देणार? ते जूनपासून रात्रंदिवस जागं आहे, लाइन गेली तरी घरातलं इन्व्हर्टर त्याला झोपू देत नाही. ती उठताना पडदा तेवढा काळा करते. सकाळी उजाडताच मी भिंतीतलं बटन बंद केलं. दिवा विझला. म्हटलं, नीज बापा.

मग पुरण, तोरण, रूपरावच्या बैलांची ओवाळणी, पाहुणे. आता पाठ टेकताना आठवलं. आवतन दिलं अन् वाढलंच नाही! घरादारानं पोळ्या खाल्ल्या, ज्याला बोलावलं तो उपाशी. उद्या वाढीन. पाहुणा तसा शांत आहे, काही बोलला नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार. तान्हा पोळा

आज नीट ऐक, दिपाली.

सकाळी पोट्टे मारबतीचा पुतळा घेऊन ओरडत गावाबाहेर गेले, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मीही ओसरीतून ओरडले. मारबत गेली अन् पीडा आमच्या घरात ठेवून गेली.

चारुतानं मशीन लावलं. पडदा उजळला. डोंगराचं चित्र, त्याखाली तिचं नाव, नावाखाली एक रिकामी पट्टी. पट्टीत तिचा गुपित शब्द टाकला की दार उघडते. तिनं पाटीवर बोटं मारली. पट्टी रिकामी. पुन्हा मारली. उंदीर फिरवला, तर पडद्यावरचा बाण जागचा हालेना.

"आजी, कोणी बंद केलं होतं का हे?"

मी म्हटलं, "लाइन गेली असंल."

लाइन गेली नव्हती. माझी जीभ गेली होती.

तिनं सेल बदलले. पाटीच्या पोटाचं बटन खाली-वर केलं. पेटी बंद करून चालू केली, तीनदा का चारदा. पाटीचा बारका दिवा लुकलुकतो, शोधल्यासारखा, अन् विझतो. प्रत्येक वेळी तोच डोंगर, तीच रिकामी पट्टी. पोरीच्या कपाळाला घाम आला. मी दारात उभी. मला दिसत होतं, पाटीच्या कोपऱ्यात पिवळं आहे. माझं तूप. आत उतरलं असेल, नसांत गेलं असेल. का उपाशी ठेवलं म्हणून रुसलं? माणूस रुसला तर हातपाय जोडता येतात. याचे पाय कुठं आहेत तेच माहीत नाही.

तिनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा पोरगा पुष्कळ बोलला, ही "यस, यस" करत राहिली. शेवटचं तेवढं मला कळलं, कारण ते तिनं देवेंद्रला मराठीत सांगितलं: "नाही जमलं तर पेटी पुण्याला परत पाठवा म्हणतात. आठ दिवस लागतील. बाबा, सोमवारी नऊला मी बसले नाही तर झालं."

मी तिथून निघाले. अंजूला उचललं, तिचा बैल घेतला, वखरावर पळसाची पानं अन् झेंडू बांधून तो पार झाकून टाकला अन् मारुतीच्या पारावर तान्ह्या पोळ्यात जाऊन बसले. पोरं बैल सजवून उभी, सरपंच बोजारा म्हणून खाऊ अन् पैसे वाटतात, अंजू सगळ्यांना सांगते, "माझ्याच बैलाले वखर आहे, तुमच्या नाई." अन् मी तोरणाकडं पाहत म्हणते, देवा, या पोट्टीच्या पुढच्या पोळ्याला मी तिच्यासंग इथं असू दे.

घरी आले तर यशोदा माळ्यावरून उतरत होती, डोक्यावर जाळं.

"आत्याबाई, माळ्यावर कंपनीचं एक खोकं होतं. पाह्यलं का?"

खोकं! मी समजले. पेटी परत पाठवायची तर तिचं खोकं लागणार. ते मी चुलीत घातलं.

"नाई बापा. मी कायले माळ्यावर चढू या वयात?"

"अवं, चढल्या नसाल, कोणी काढलं असंल..."

"मले काही विचारू नको. मले काही माहीत नाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं अन् डोक्यावरचं जाळं झाडत आत गेली. यशोदा न भांडता गेली की मला जास्त भीती वाटते. आता आपण लिहितो तर ती इथं नाही ते बरं.

२४ ऑगस्ट, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज देवेंद्र मोटारसायकलवर हिंगणघाटला गेला. दुकानं बंद. मशीनवाला रुपेश मारबत पाहायला नागपूरला गेला, तो सासुरवाडीतच राहिला; फोनवर म्हणाला, सोमवारी दुपारी येतो. नऊ वाजता पोरीचं कपाळ फुटणार अन् हा दुपारी मलम घेऊन येणार.

तिथून देवेंद्र परत आला, निकेशच्या सेवा केंद्रात गेला, पिशवीत काहीतरी घेऊन आला. त्याचं टोक गोल अन् पेटीचं भोक चपटं. परत नेऊन दिलं. पिशवीत काय होतं ते मी पाहिलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. शाळेतही असंच काही होतं म्हणे, पण शाळेची चावी हेडमास्तरकडं अन् हेडमास्तर आष्टीला. दिपाली, तू म्हणते तू पण फोन लावला. मग तुला ठाऊकच आहे.

आता खरं भ्यायची गोष्ट सांगते. दुपारी स्वप्निल आला.

त्याचा रविवार असतो, पोरीला भेटायचा. आम्ही विसरूनच गेलो होतो. फाटकाशी गाडी वाजली अन् यशोदा आत धावली, "चारू, तो आला! मशीन बंद दिसलं तर कोर्टात सांगेल."

चारुतानं काय केलं असेल? पडदा फिरवून भिंतीकडं केला, कानाला ते ऐकायचं लावलं, पाठ ताठ केली अन् त्या मेलेल्या पाटीवर बोटं चालवायला लागली. टकटक टकटक. पलीकडं डोंगर अन् रिकामी पट्टी. अलीकडं पोरीचा चेहरा असा, जसं दहा डॉक्टर एकदम बोलून राह्यले.

स्वप्निल दारात थांबला. "रविवारी पण ड्यूटी?"

ती बोलली नाही. कानाला लावलेलं ना. मग मलाच बोलावं लागलं.

म्हटलं, "जावईबापू, रोग काय रविवार पाहून येते?"

"आजी, तुम्ही तर वकीलच झाल्या."

"तुम्ही कोर्टात नेलं तर शिकावंच लागंल. बसा. सरबत घ्या."

बसला. माझी नजर चारुताच्या पाठीवर. तिच्या मानेवर घामाचा थेंब उतरत होता, बोटं थांबत नव्हती. हा अर्धा तास बसला असेल, तेवढा वेळ पोरीनं हवेत लिहिलं. माझा जीव हातात. एकदा उठून जवळ गेला असता, पडद्यामागं मान घातली असती, की संपलं होतं.

खोटं नाही बोलत, पोरीवर त्याची माया आहे. जमिनीवर बसून बैलाच्या गळ्यातली घंटी नीट बांधून दिली. नागपूरहून सेलवर चालणारा बैल आणला होता, हंबरतो. अंजूनं तो बाजूला ठेवला. "पप्पा, माझा वखर पाहा!" गोठ्यातून बैल ओढत आणला. कालची पानं वाळून गळून गेलेली, वखर उघडा पडला होता, चिखलानं माखलेला. अन् स्वप्निलचा चेहरा बदलला. खिशातून मोबाइल काढला, वखराचा फोटो घेतला, एक, दोन.

"माझ्या पोरीले भंगार खेळायले देता तुम्ही? याच्यावर कोर्टात बोलू."

असं म्हणून गेला. भंगार म्हणतो! माझ्या हातच्या वखराला! सगळं मी केलं, दिपाली. मशीन मीच मारलं, खोकं मी जाळलं, अन् आता फोटोतही माझंच पाप. पोट्टीला घेऊन जातील तर माझ्यामुळं. तू काऊन थांबली? लिही.

काय विचारते? कसलं भंगार? सांगितलं ना, वखर. खोक्यातली ती फळी. दातवाली, शेपटीवाली. दातांवर अक्षरं होती, पण मला काय

२५ ऑगस्ट, सोमवार

काल ते अर्धंच राहिलं. लिहिता लिहिता दिपाली उठली, पेन चुलीपाशी पडला, अन् ही चप्पल न घालता गोठ्याकडं पळाली. मास्तरीण पळताना मी पहिल्यांदा पाहिली. मागून मी लंगडत. मला वाटलं साप निघाला.

साप नव्हता. माझा वखर दोन्ही हातांत धरून, शेपटी चिखलातून ओढत ती घरात शिरली अन् ओरडली, "चारुता, हे घे! वायरचा कीबोर्ड!"

सगळे जागच्या जागी. यशोदेनं कपाळाला हात लावला. "आत्याबाई! काल याच्यासाठीच तर माळा उपसला मी! खोकं म्हणजे खोकं नव्हतं पाहिजे, खोक्यातलं पाहिजे होतं!"

"मग खोक्यातलं विचारायचं!"

"तुम्ही विचारू दिलं का?"

त्यावर मी काही बोलले नाही. हे दिपालीनं मोठ्या अक्षरात लिहिलं तरी हरकत नाही.

देवेंद्रनं ओल्या फडक्यानं चिखल पुसला. दातांच्या फटीतून सुईनं गोठ्याची माती काढली, एक ज्वारीचा दाणा निघाला, एक मेलेला मुंगळा. शेपटीचं टोक चपटं होतं. पेटीचं भोकही चपटं. बसलं. पण मला काही आशा नव्हती. म्हटलं, "अवं, ही तर मेलेली आहे. जिवंत असती तर माळ्यावर कशाला टाकली असती तुम्ही?"

चारुतानं पडदा सरळ केला. एक दात दाबला. रिकाम्या पट्टीत एक काळा ठिपका उमटला.

एवढासा ठिपका. तिळाएवढा. आम्ही सगळे त्याच्याकडं असं पाहत होतो जसं कोणी बाळंतिणीच्या खोलीतून रडणं ऐकते.

दुसरा ठिपका आला, तिसरा आला. अन् चारुता थांबली. "आई, एक बटन नाही यावर."

खरंच, वखराचा एक दात पडलेला. तिच्या गुपित शब्दात नेमकं तेच अक्षर. सगळ्यांनी अंजूकडं पाहिलं. अंजूनं बैल पाठीमागं लपवला. बैलाच्या गळ्यात घंटीशेजारी काळं काहीतरी दोऱ्यात ओवलेलं.

"तो बैलाचा ताईत आहे," अंजू म्हणाली.

"बैलाचा ताईत आईले उसना दे, बेटा," यशोदा म्हणाली.

"नाई! तुम्ही वखर बी घेतला!" अन् जे भोकाड पसरलं तिनं. तिला समजावण्यात वेळ चालला होता. तेवढ्यात चारुतानं दात निघालेल्या जागी पाहिलं, आत एक बारीक मऊ बोंड होतं. तिनं देवापुढची आगपेटी मागितली. काडीचं टोक त्या बोंडावर टेकवलं, डोळे मिटले अन् दाबलं. ठिपका आला. उरलेले टाकले. शेवटचं मोठं बटन दाबलं.

डोंगर गेला. दार उघडलं.

अन् आता ऐका गंमत. दार उघडताच ती दुसरी, बिनवायरीची पाटी, दोन दिवस जिनं मान टाकली होती, तिचा दिवा लागला. चारुतानं हात ठेवला तर टकाटक चालायला लागली. उंदीरही फिरायला लागला. मी तर मागं सरकले.

"हे कसं गं? तूप सुकलं का?"

हे तोंडातून निघून गेलं.

चारुता हसली. शनिवारपासून पहिल्यांदा. म्हणाली, "आजी, तुपाचा काही दोष नाही. ही पाटी पेटीला घरात गेल्यावरच ओळखते. दाराबाहेर असली की ओळख नाही देत. आजवर आपण पेटी कधी बंदच केली नव्हती, दार सदा उघडं होतं, म्हणून कळलंच नाही."

मला लगेच समजलं. म्हटलं, "म्हणजे नवी सून. बाहेर चारचौघांत तोंडातून शब्द नाई, अन् घरात शिरली की थांबता थांबत नाई."

"आत्याबाई, मी इथंच उभी आहे," यशोदा म्हणाली.

आज सकाळी नऊच्या आधीच चारुता बसली. मी दाराच्या मागं माळ घेऊन. आत टकटक सुरू झाली. कालची हवेतली टकटक अन् आजची टकटक, कानाला दोन्ही सारख्याच. पण आज ती मधेच थांबायची, पुन्हा ऐकायची, पुन्हा लिहायची. काल थांबायची तिला सोय नव्हती.

काम संपल्यावर तिनं मला आत बोलावलं. पेटीसमोर ताट. ताटात पुरणपोळी, वर तूप, बाजूला वडा.

"हे कोणासाठी?"

"आवतन दिलं होतं ना तू? मग जेवाले नको वाढू?"

मी खाली बसले. "तुले माहीत होतं?"

"गुरुवारी मी हात धुऊन दारात आले तेव्हा तू त्याच्या कानात बोलत होती. अन् आजी, शनिवारी सकाळी कीबोर्डवर मुंग्यांची रांग होती. पुसून काढली."

"मग बोलली काऊन नाई? बटन बंद केलं त्याचंही विचारलं फक्त, रागावली नाई."

"तुझा चेहरा पाहिला होता मी. मीच इतकी भ्याली होती, तुझी भीती आणखी कुठं ठेवू?"

पेटीनं काही खाल्लं नाही. पोळी अंजूनं खाल्ली, अर्धी बैलाच्या तोंडाला फासली. वखर गेल्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. देवेंद्रनं तिला सागाच्या फळीचा करून दिला, तर म्हणते, याले दात नाई.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मधे काही सांगण्यासारखं नव्हतं. पक्कीचं पत्र आलं, वकिलानं घेतलं. शेपटीवाली पाटी पेटीला जोडूनच ठेवली आहे, तिच्यावर रुमाल. दिपाली विचारायची, मी म्हणायची, तारीख होऊ दे.

आज तारीख होती.

मला कोर्टाची भीती नव्हती, फोटोची होती. अन् तो निघालाच. स्वप्निलच्या वकिलानं मोबाइल न्यायाधीश साहेबबाईंपुढं धरला. म्हणाला, "पाहा मॅडम, चिखलातलं भंगार, विजेची वस्तू, हे यांच्याकडं लेकराचं खेळणं. अन् आई मशीनमध्ये डोकं घालून बसते, कमाई आहे की नाही तेही कागदावरच."  यशोदेनं माझा हात धरला. तिनंच धरला, मी नाही. हे लिही.

साहेबबाईंनी पत्र वाचलं. मग अंजूला जवळ बोलावलं. ती बैल घेऊनच गेली.

"बाळा, हे कोणाचं?" फोटो दाखवून विचारलं.

"माझा वखर."

"बरं. अन् तुझी आई काय करते?"

अंजूनं फोटोवर बोट ठेवलं. "माझ्या वखरानं ऑफिस उघडते. एक दात नाई ना, तर काडीनं."

साहेबबाईंनी फोटो पुन्हा पाहिला. वकिलानंही मान पुढं करून पाहिला. स्वप्निलनं चारुताकडं पाहिलं, चारुतानं खिडकीकडं. आमच्या बाजूचे तेवढे समजले अन् कोणी तोंड उघडलं नाही. मी पदर तोंडाला लावला. हसू येत होतं की रडू, मला सांगता येत नाही, अन् दिपाली, तू काही मनानं घालू नको.

साहेबबाईंनी काहीतरी लिहिलं. वकिलानं बाहेर येऊन सांगितलं: पोरगी आईकडंच राहील. बाप रविवारी भेटेल. पुढची तारीख दिवाळीनंतर. म्हणजे हे संपलं नाही. तोवर मी दिवस मोजीन.

स्वप्निल जिन्यात भेटला. अंजूच्या डोक्यावर हात ठेवला, मग मला हळूच म्हणाला, "आजी, काडीनं म्हणजे काय?"

म्हटलं, "जावईबापू, रविवारी या. सरबत घेता घेता सांगीन." सांगणार नाही.

घरी आलो. चारुता लगेच कामाला बसली, अर्धा दिवस भरायचा होता. आत टकटक सुरू झाली. दिपाली विचारते, आजी, आता काय लिहू?

लिही, पोट्टी इथंच झोपली आहे. बैलावर पाय टाकून.